फायरफॉक्सच्या प्रत्येक प्रोफाइलला स्वतःचा लाँचर: वापरून पाहिल्यावर

मी अनुवादाची कामं करते. दोन ग्राहकांनी आपापली ईमेल खाती मला दिली आहेत, तिसरं माझं स्वतःचं. एकाच ब्राउझरमध्ये तिन्ही उघडी ठेवली की कुठल्या खात्यातून उत्तर चाललंय याकडे सतत डोळा ठेवावा लागतो. म्हणून लिनक्सवर फायरफॉक्सची तीन प्रोफाइलं केली आणि डॉकवर (ॲप्सच्या पट्टीवर) तीन वेगळे आयकॉन, म्हणजे लाँचर, बसवले. फुकटची सोय आहे. पाचपैकी चार तारे.

प्रोफाइल बनवणं सोपं. ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट प्रोफाइल्स' उघडायचं, नाव द्यायचं, झालं. कुकी, हिस्टरी, पासवर्ड, एक्स्टेन्शन, सगळा संसार वेगळा. कंटेनर टॅब वेगळे: त्यात कुकी स्वतंत्र राहतात, पण हिस्टरी आणि बुकमार्क सामायिकच. दोन ग्राहकांचा मजकूर एकमेकांत मिसळायला नको असेल तर मला प्रोफाइलच बरी वाटतात.

खरी मेहनत लाँचरची. 'यूएसआर शेअर ॲप्लिकेशन्स'मधली फायरफॉक्सची डेस्कटॉप फाइल (लाँचरचं नाव, आयकॉन आणि कमांड सांगणारी छोटी फाइल) नव्या नावाने होम फोल्डरातल्या 'डॉट लोकल', 'शेअर', 'ॲप्लिकेशन्स' या जागी कॉपी करायची. तिथली फाइल फक्त आपल्यापुरती असते आणि ब्राउझर अपडेट झाला तरी तिला धक्का लागत नाही. 'एक्झेक'च्या, म्हणजे चालवायच्या कमांडच्या ओळीत फायरफॉक्सपुढे डॅश, कॅपिटल पी आणि प्रोफाइलचं नाव घालायचं. शेवटचं 'टक्का यू' (उघडायच्या लिंकची जागा) तसंच राहू द्यायचं. आयकॉनचा पत्ता पूर्ण लिहायचा, कारण होम फोल्डरसाठीचं ते नागमोडी चिन्ह इथे चालत नाही.

इथपर्यंत कोणीही सांगेल. पुढच्या खाचाखोचा मात्र सहसा कोणी सांगत नाही. आयकॉनवर राइट-क्लिक केल्यावर 'नवी खाजगी विंडो' वगैरे पर्याय येतात ना, त्या प्रत्येकाची फाइलमध्ये खाली स्वतंत्र 'एक्झेक' ओळ असते. ती तशीच सोडली तर 'ग्राहक एक'च्या आयकॉनवरून मूळ प्रोफाइलची खाजगी विंडो उघडेल. आणि तुमचा डेस्कटॉप मराठीत असेल, तर फाइलमध्ये मराठीसाठी वेगळी 'नेम' ओळ आहे का ते बघा. असली तर तीच दिसते. इंग्रजी नाव कितीही बदला, मेन्यूत तिन्ही लाँचर एकाच नावाने मिरवतात. मी इतर भाषांच्या ओळी सरळ उडवल्या.

सगळ्यात चिवट भाग विंडोच्या ओळखीचा, म्हणजे कुठली विंडो कुठल्या लाँचरची हे डॉकला सांगणाऱ्या नावाचा. ती दिली नाही तर तिन्ही विंडो डॉकवर एकाच आयकॉनखाली गोळा होतात आणि एवढा खटाटोप वाया जातो. लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या दोन प्रणाली आहेत: एक्स-इलेव्हनवर 'क्लास' आणि वेलँडवर 'नेम' हा पर्याय कमांडमध्ये द्यावा लागतो, आणि तीच ओळख फाइलमध्ये 'स्टार्टअप डब्ल्यूएम क्लास'पुढे लिहायची. मी दोन्ही पर्याय देऊन ठेवलेत, फाइलचं नावही तेच. इतकी साधी अपेक्षा पुरी करायला एवढे सोपस्कार का, हा प्रश्न मला अजून पडतो. एक तारा तिथेच कापला.

जुन्या सूचनांमध्ये कमांडला 'नो रिमोट' हा पर्याय जोडायला सांगतात. जोडू नका. ते असलं की चालू प्रोफाइलच्या आयकॉनवर पुन्हा क्लिक केल्यावर नव्या विंडोऐवजी फायरफॉक्स आधीच चालू असल्याची तक्रार समोर येते. आता त्याशिवायही वेगवेगळी प्रोफाइलं शेजारी शेजारी चालतात.

क्रोमियमवाल्यांसाठी: तिथे 'प्रोफाइल डिरेक्टरी' हा पर्याय आहे, पण सगळी प्रोफाइलं एकाच प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे दुसऱ्या लाँचरने दिलेली 'क्लास'ची ओळख दुर्लक्षित होते. खरंच वेगळं हवं असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र 'यूझर डेटा डिरेक्टरी' द्या. फ्लॅटपॅकमधला (लिनक्सवर ॲप बसवायची एक पद्धत) फायरफॉक्स असेल तर 'एक्झेक'ची सुरुवात 'फ्लॅटपॅक रन'ने होते; बाकी गणित तेच.

दुसऱ्या प्रोग्रॅममधून क्लिक केलेली लिंक मात्र डीफॉल्ट ब्राउझर म्हणून नेमलेल्या लाँचरकडेच जाते, मग ती कुठल्याही ग्राहकाची असो. मी तिथे माझं घरचं प्रोफाइल ठेवलंय आणि ग्राहकांच्या लिंक कॉपी करून त्यांच्या विंडोत चिकटवते.