उत्तरेच्या प्रवासाची आखणी : दहा महिने वापरलेला नकाशा आणि एक तक्ता

गेल्या ऑक्टोबरात मी स्कँडिनेव्हियाचा कागदी नकाशा विकत घेतला आणि त्याच रात्री संगणकावर एक तक्ता सुरू केला. जुलैच्या अखेरीस आम्ही परत हॅम्बुर्गला पोहोचलो. मधल्या काळात नकाशा, तक्ता आणि फोनमधले ऑफलाइन नकाशे या तिन्ही गोष्टी मी जवळजवळ रोज हाताळल्या, म्हणून आता त्यांच्याबद्दल खात्रीने लिहिते आहे. गुहागरहून आई-बाबा येणार होते. बाबांना मध्यरात्रीचा सूर्य बघायचा होता आणि आईचं म्हणणं एवढंच, की कुठेही पळापळ नको. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, नॉर्वे. ३६ दिवस, साधारण साडेसहा हजार किलोमीटर.

माझा पहिला तक्ता किलोमीटरचा होता आणि तो चुकीचा होता. समृद्धी महामार्गावर मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर एका दिवसात होतात, तोच हिशेब डोक्यात घट्ट बसलेला. स्वीडनमध्ये तो खरा ठरतोही. तिथला ई-४ हा रस्ता हेल्सिंगबोर्गपासून फिनलंडच्या सीमेवरच्या हापारांडापर्यंत १,५९० किलोमीटर जातो. रस्ता चांगला, गर्दी कमी. रोज चारशे किलोमीटर करूनही संध्याकाळी सगळे ताजेतवाने होते. त्यामुळे पुढचा तक्ताही बरोबर असणार असं आम्ही गृहीत धरलं.

नॉर्वेत ते मोडलं. गावाबाहेर वेगाची सर्वसाधारण मर्यादा ८०, आणि रस्ता फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठाकाठाने जातो. समोरचं गाव पाण्यापलीकडे दिसत असतं, पण तिथे पोहोचायला अख्ख्या खाडीला वळसा घालावा लागतो. अल्टाहून नार्विककडे निघालो त्या दिवशी फोन सात तास सांगत होता, आम्हाला दहा लागले. रस्त्याचं काम, पुढे कॅम्परव्हॅनची रांग, दोनदा रेनडिअरचे कळप, आणि सत्तरी ओलांडलेली दोन माणसं बरोबर असताना दर दीड तासाला थांबणं आलंच. आई काही बोलली नाही, पण मुक्कामी पोहोचल्यावर न जेवताच झोपली. मला फार वाईट वाटलं. त्या रात्री मी तक्त्यातला किलोमीटरचा रकाना काढून टाकला आणि तासांचा रकाना घातला. फोन सांगेल त्याच्या दीडपट तास, आणि दिवसाला गाडीत पाच तासांपेक्षा जास्त नाही. हा एक बदल ऑक्टोबरातच केला असता तर प्रवास आणखी सुखाचा झाला असता.

आता कागदी नकाशाबद्दल, कारण अनेकजण विचारतात की फोन असताना तो कशाला. आमचा नकाशा १ : ८,००,००० प्रमाणाचा होता, म्हणजे एक सेंटीमीटरला आठ किलोमीटर. फोनवर पुढचं वळण दिसतं, पण या नकाशावर फियॉर्डचा आकार दिसतो, आणि दिवस किती लांबणार हे तो आकारच सांगतो. शिवाय बाबांच्या मांडीवर नकाशा असला की ते प्रवासाचे भागीदार होते, मागच्या सीटवरचे पाहुणे नव्हते. रोज रात्री ते लाल पेन्सिलीने त्या दिवसाचा रस्ता गिरवत. ऑफलाइन नकाशेही हवेतच. बोगद्यात सिग्नल गेला तरी ते काम करतात आणि पेट्रोलपंप शोधायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. उत्तरेत बरेच पंप माणसाविना चालतात, तिथे पिनवालं कार्डच लागतं.

घड्याळाकडे मी आधी लक्षच दिलं नव्हतं. हापारांडाहून पूल ओलांडून टोर्निओत शिरलात की फिनलंडची वेळ एक तास पुढे, आणि काराशोकजवळ नॉर्वेत शिरलात की पुन्हा एक तास मागे. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मी सरळ एक जर्मन वेळेचं घड्याळ ठेवलं. स्वीडन आणि नॉर्वेत वेळ तीच असल्याने ते शेवटपर्यंत चाललं. रविवारचंही तसंच. नॉर्वेत रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात, फिनलंडमध्ये उघडी. म्हणून सीमा कोणत्या वारी ओलांडायची हे तक्त्यात लिहिलेलं असावं. आणि बटाटे! बाहेरून नॉर्वेत बटाटे नेता येत नाहीत, वनस्पतींच्या रोगांमुळे तशी बंदीच आहे. हे मी डिसेंबरात वाचून ठेवलं होतं, म्हणून फिनलंडमधल्या इनारीच्या मुक्कामी आईने पिशवीतल्या सगळ्या बटाट्यांची भाजी केली आणि सकाळी पोळीबरोबर तीच बांधून घेतली.

व्हिसाचं काम त्यामानाने सोपं. हे चारही देश आणि जर्मनी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहेत, नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी. आई-बाबांना एकच व्हिसा पुरला. टोलनाक्यावर थांबण्याचा प्रश्नही फारसा येत नाही. नॉर्वेत कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल नंतर घरी येतं. फेरीबोटींसाठी मात्र आगाऊ पैसे भरून खातं उघडा, भाड्यात चांगली सवलत मिळते.

युरोपच्या उत्तर टोकाजवळच्या नॉर्थ केप या कड्याकडे जाणारा ई-६९ हा रस्ता शेवटाकडे समुद्राखालून जातो, जवळजवळ सात किलोमीटरचा बोगदा, सर्वांत खोल जागी समुद्रपातळीच्या २१२ मीटर खाली. तिथे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मावळत नाही, पण धुकं कधी उतरेल याचा नेम नाही. तक्त्यात मी तिथे दोन रात्री ठेवल्या होत्या आणि मधला दिवस पूर्ण रिकामा. पहिल्या मध्यरात्री कड्यावर उभं राहून हातभर अंतरावरचंही दिसेना. दुसऱ्या रात्री पावणेबाराला ढग फाटले आणि वीसेक मिनिटं सूर्य समुद्राच्या वर तसाच तरंगत राहिला. बाबा टोपी काढून उभे होते. एकच रात्र ठेवली असती तर एवढं अंतर येऊन ते धुकं बघून परतले असते, हा विचार अजून मनातून जात नाही. सतत उजेड असताना वयस्क माणसांना झोप लागत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवा. डोळ्यांवरच्या पट्ट्या घरूनच घेऊन जा. आमच्या पट्ट्या सामानात सर्वांत खाली राहिल्या होत्या.

तासांच्या रकान्याची खरी परीक्षा किनाऱ्याच्या रस्त्यावर झाली. बूडेपासून स्टाइन्शेरपर्यंतचा हा १७ क्रमांकाचा रस्ता सुमारे ६५० किलोमीटरचा, आणि वाटेत सहा फेरीबोटी. ई-६ ने हेच अंतर कितीतरी लवकर कापता येतं. आम्ही मुद्दाम चार दिवस घेतले. बाबांनी गेली कित्येक वर्षं दाभोळ-धोपावे फेरीबोटीने ये-जा केलेली, त्यामुळे धक्क्यावर रांगेत गाडी उभी करून वाट बघणं त्यांना घरच्यासारखं वाटलं. येक्तविक ते शिल्बोगहामन ही फेरी साधारण तासाभराची, आणि त्या तासात बोट आर्क्टिक वृत्त ओलांडते. डेकवर दशम्या आणि लसणाची चटणी खात आम्ही ते वृत्त ओलांडलं. शेवटच्या फेरीच्या वेळा तक्त्यात ठळक अक्षरांत लिहा. ती चुकली तर दुसरा रस्ता म्हणजे डोंगरातून लांबचा फेरा, आणि धक्क्याजवळ खोली मिळेलच असं नाही. वेळा पाहायला नॉर्वेचं एन्टूर हे ॲप आम्हाला फार उपयोगी पडलं, बस आणि बोट दोन्हींच्या वेळा त्यात मिळतात.

आता नव्याने आखायचं असेल तर मी डेन्मार्कमधला एक मुक्काम कमी करेन आणि नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर दोन रात्री वाढवेन. तिथे आम्ही जेमतेम दीड दिवस होतो. तंबूचा विचारही सोडून देईन. नॉर्वेत घरापासून दीडशे मीटर दूर मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क सर्वांना आहे, आणि ही फार सुंदर गोष्ट आहे, पण आईच्या गुडघ्यांना लाकडी केबिनच बऱ्या. त्या केबिन उन्हाळ्यासाठी फेब्रुवारीतच राखून ठेवा.

पुण्याच्या चुलतभावाने तक्ता मागितला आहे, त्याला मार्चमध्ये जायचंय. त्याला तारखा काढून पाठवला, आणि सांगितलं की तासांचा रकाना ठेव, बाकी सगळं नव्याने लिही. हिवाळ्यात नॉर्थ केपचा शेवटचा टप्पा ठरावीक वेळीच, बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे रांगेने पार करावा लागतो. नकाशा मात्र त्याला देता आला नाही. तो बाबा गुहागरला घेऊन गेलेत. किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या नेस्नाजवळ त्याची घडी फाटली होती, तिथे आईने मागून चिकटपट्टी लावून दिली आहे.