24 पाकिटं आणि तीन बेरजा: बिलिंग सॉफ्टवेअरचा नऊ महिन्यांचा अनुभव

वेंगुर्ल्याला आमचा काजूगराचा घरगुती कारखाना आहे. बी उकडण्यापासून पाकिटं भरण्यापर्यंत सगळं घरातच होतं आणि हिशोब माझ्याकडे. गेल्या गणपतीनंतर बिलबुकं बंद करून बिलिंग आणि बजेटचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याचं नाव इथे देत नाही, कारण मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भेटेल: हिशोबात पैशांचा फरक येतो कुठून, आणि त्याची काळजी कधी करायची.

दिवाळीच्या तोंडावर कोल्हापूरच्या एका दुकानदारांना 100 ग्रॅमची 24 पाकिटं पाठवली. एका पाकिटाचे करासह 120 रुपये, म्हणजे एकूण 2,880. बिलावर छापून आले 2,880.10. त्यांच्या खरेदीच्या नोंदीत 2,880.00. मी एका पाकिटाचा हिशोब हाताने करून 24 ने गुणला, तर 2,880.24! रात्री अकरापर्यंत मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली. सासरे म्हणाले, "धा पैशांसाठी कित्याक रात्र जागवतंस गो?" पण मला दहा पैसे नको होते, ते कुठून आले हे हवं होतं.

काजूगराला 5 टक्के जीएसटी: निम्मा केंद्राचा (सीजीएसटी), निम्मा राज्याचा (एसजीएसटी). 120 ला 1.05 ने भागलं की 114.2857 येतात. पुढेही आकडे आहेत, पण बिलावर दोनच दशांश, म्हणून 114.29. त्याचा अडीच टक्के सीजीएसटी 2.857, म्हणजे 2.86. एसजीएसटीही तेवढाच. आता बेरीज करा: 114.29 अधिक 2.86 अधिक 2.86, झाले 120.01. एका पाकिटावर एक पैसा जास्त, 24 पाकिटांवर 24 पैसे. हा माझा आकडा.

सॉफ्टवेअरने 114.29 ला 24 ने गुणून 2,742.96 केले आणि कर या रकमेवर एकदाच काढला: 68.57 दोनदा. म्हणून 2,880.10. दुकानदारांच्या सॉफ्टवेअरने आधी 2,880 धरले, मग 1.05 ने भागून 2,742.86 काढले. कर तोच, 68.57 दोनदा. बेरीज चोख 2,880. चूक कोणाचीच नाही. राउंड कुठल्या पायरीला केलं, एवढाच फरक.

बिलाची शेवटची रक्कम रुपयावर आणायची सोय मी नंतर चालू केली. त्याने 10 पैसे 'राउंड ऑफ' खात्यात गेले, पण करपात्र रक्कम त्यांच्याकडे 2,742.86 आणि माझ्याकडे 2,742.96 अशीच राहिली. खरा उपाय सेटिंगमध्ये सापडला: दर चार दशांशांपर्यंत धरायचा. 114.2857 गुणिले 24 म्हणजे 2,742.8568, म्हणजेच 2,742.86. हे सेटिंग सुरुवातीलाच का दाखवत नाहीत, ही माझी या सॉफ्टवेअरबद्दलची पहिली तक्रार. मदतीच्या फोनवर "एवढा फरक चालतो" इतकंच ऐकायला मिळालं. किती चालतो, ते सांगितलं नाही.

ते आमच्या सीएंनी सांगितलं, आणि नऊ महिन्यांतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. एकदा राउंड केलं की फरक जास्तीत जास्त अर्ध्या पैशाचा. बिलाच्या एका ओळीत तीनदा राउंड होतं: रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी. म्हणजे ओळीला फार तर दीड पैसा. सहा ओळींच्या बिलात नऊ पैसे. नगाचा दरच राउंड केलेला असेल तर तो अर्धा पैसा नगांच्या संख्येने गुणायचा. 24 नगांना 12 पैसे, आणि आमचे 10 त्यात बसत होते. (हाताने करताना मी दर आणि दोन्ही कर नगागणिक राउंड केले होते, म्हणून माझे 24.) बिलात यापेक्षा बराच मोठा फरक आला तर ते राउंडिंग नाही, शोधायला बसायचं.

फेब्रुवारीत एका सहा ओळींच्या बिलात 2 रुपये 3 पैशांचा फरक आला. पूर्वी मी तो डोळे झाकून राउंड ऑफला टाकला असता. आता नऊ पैशांची हद्द माहीत होती. बिल ओळीओळीने तपासलं, तर एका पाकिटाला 120 ऐवजी 118 पडलेले. दोन रुपये चुकीचे, तीन पैसे राउंडिंगचे. आयटमच्या यादीत जुना दर राहून गेला होता. तसाच राहिला असता तर सीझनभर प्रत्येक पाकिटाला दोन रुपये गेले असते.

भरायच्या कराचं वेगळं आहे. तिथे जीएसटी कायद्याच्या कलम 170 प्रमाणे रक्कम जवळच्या रुपयावर आणतात. 50 पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे.

स्टॉकच्या रिपोर्टवर मात्र माझा राग आहे. तिथे वजन पूर्ण किलोत दिसतं आणि ते राउंड केलेलं नसतं, कापलेलं असतं. 79.6 किलोची गोणी 79 दिसते. राउंडिंगमध्ये थोडं वर, थोडं खाली होऊन बरंचसं एकमेकांत जिरतं. कापण्यात नेहमी कमीच होतं. गोणीमागे सरासरी अर्धा किलो धरला तरी 40 गोण्यांना 20 किलो बी कागदावरून गायब! उताऱ्याचा, म्हणजे किती बीमागे किती गर निघाला याचा, हिशोब त्यावरच असतो, त्यामुळे गर जास्त पडल्यासारखा वाटतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजारात हेच झालं होतं. 1982 च्या जानेवारीत 1,000 वर सुरू केलेला निर्देशांक 1983 च्या नोव्हेंबरात 524 च्या आसपास दाखवत होता. नीट मोजल्यावर तो 1,098 च्या वर निघाला. प्रत्येक बदलानंतर तिसऱ्या दशांशापुढचं कापलं जात होतं, बस. मी आता गोण्यांची वजनं ग्रॅममध्ये भरते.

बजेटचा भाग चांगला आहे. वर्षाचे 1,00,000 बारा महिन्यांत वाटले की 8,333.33 प्रमाणे 99,999.96 होतात; उरलेले चार पैसे ते शेवटच्या महिन्यात घालून 8,333.37 करतं. (आमचा खर्च मार्च ते मेमध्येच एकवटतो, त्यामुळे समान वाटणी मला फारशी लागत नाही.) हजारांत बघताना मात्र सांभाळा. 12.4, 7.4 आणि 5.4 हे 12, 7, 5 दिसतात, आणि खाली बेरीज 25.

एक्सेलमध्ये काढलेल्या यादीत कधी 2880.0999999 असं काही दिसलं तर घाबरू नका. कॉम्प्युटर आकडे 0 आणि 1 या दोनच अंकांच्या पद्धतीत ठेवतो आणि 0.1 त्यात नेमका बसत नाही, जसा आपल्याकडे एकतृतीयांश 0.3333 वर संपत नाही.

नवीन सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी डेमोमध्येच ही ओळ टाकून बघा: करासह 120 रुपये, कर 5 टक्के, नग 24. बेरीज 2,880.00 आली नाही तर पैसे भरण्याआधी विचारा, दर किती दशांशांपर्यंत धरता आणि ते बदलायचं कुठे.