वनहक्काच्या दाव्यांसाठी कोबोकलेक्ट : जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचा अनुभव

वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर कायद्यानं हक्क मागणारे दावे भरणाऱ्या संघटनांनी कोबोकलेक्ट हे माहिती गोळा करण्याचं अ‍ॅप वापरायलाच हवं. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आम्ही तेच वापरतो. फुकट आहे, साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं, फॉर्म अख्खा मराठीत करता येतो आणि भरताना रेंज लागत नाही. फोनमध्ये साठलेले फॉर्म बाजाराच्या गावी आलं की पाठवायचे.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो प्लॉट मोजताना. फोन हातात धरून बांधाबांधानं चालायचं, अ‍ॅप बिंदू टिपत जातं. अचूकतेची अट आम्ही ५ मीटरवर ठेवतो. उघड्या माळावर ती पटकन जमते. ऐन-सागाच्या दाटीत मात्र आकडा १५-२० मीटरवरून खाली यायला वेळ लागतो, तिथे थांबायचं, घाई करायची नाही. फॉर्म बनवतानाच चौरस मीटरला १०१.१७ नं भागायचं सूत्र घालून ठेवा, म्हणजे फेरी पूर्ण होताच उत्तर गुंठ्यांत मिळतं. नागली-वरी पिकवणारी आजी स्वतः पुढे चालते, ‘इथून नाय, त्या दगडापासून’ म्हणत आम्हाला मागे फिरवते आणि आकडा ऐकला की बरोबर की कमी ते लगेच सांगते. शेजारच्या शेतकऱ्यालाही सोबत घ्या, हद्दीचा वाद जागच्या जागी मिटतो.

तितकंच मोलाचं काम पुराव्यांचं. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवायचा असतो, आणि त्याचा पुरावा बहुतेक घरांत पत्र्याच्या पेटीत सापडतो : वनखात्यानं जमीन कसल्याबद्दल केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या. ज्या कागदांनी या माणसांना वर्षानुवर्षं छळलं, तेच आता त्यांच्या बाजूनं बोलतात. पावतीचा फोटो त्याच फॉर्मला जोडला जातो. सेटिंगमध्ये फोटोचा आकार मूळ ठेवा, नाहीतर पुसट शिक्क्यावरची तारीख वाचता येत नाही. वडीलधाऱ्यांचा जबाब आवाजात घेता येतो, पण नियमाप्रमाणे तो लेखीच लागतो, तेव्हा कागदावर उतरवून अंगठा घ्याच.

उणिवा आहेत. फॉर्म एक्सेलमध्ये बनवायचा तर संघटनेत एखादी तरी जाणकार मुलगी-मुलगा तयार करावा लागतो. हे अ‍ॅप आयफोनवर नाही. आणि कोण किती वनजमीन कसतो ही यादी चुकीच्या हातात पडली तर घात होईल. प्रोजेक्ट लॉगिनशिवाय उघडा ठेवू नका, आधारकार्डाचे फोटो घेऊच नका.

फोनवरची मोजणी म्हणजे ग्रामसभेनं निवडलेल्या वनहक्क समितीची स्थळपाहणी नव्हे. ती वनखात्याला आधी कळवून रीतसर व्हायलाच हवी. मात्र उपग्रहाचं चित्र दाखवून ‘इथे शेती दिसत नाही’ असं कुणी म्हणालं, तर वनहक्क कायद्याचे २०१२ चे सुधारित नियम पुढे ठेवा : तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेऊ शकत नाही. हे असं म्हणणाऱ्यांना लागू आहे तसंच आपल्यालाही.

दावे पुढे पाठवण्याआधी आम्ही अ‍ॅपमधली यादी छापून ग्रामसभेत मोठ्यानं वाचतो. कुणाचं नाव राहिलं, कुणाचे गुंठे कमी लागले, हे तिथेच कळतं. उपविभागीय समितीनं दावा फेटाळला तर जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस असतात. नकाशा, पावत्या, जबाब एकाच ठिकाणी असले की अपिलाची फाईल त्या मुदतीत आरामात उभी राहते.