बोअरचं रफिंग: जी71 की कॅमचा लांब टूलपाथ?

सीएनसी लेथवर बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, रफिंग (फिनिशिंगआधीची जाड कटाई) कंट्रोलच्या जी71 सायकलवर करायचं, जिथे आकार आणि कटची खोली दिली की मशीन कट स्वतः वाटून घेतं? की एकेक हालचाल लिहून आलेला कॅमचा, म्हणजे टूलची वाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा, लांब प्रोग्रॅम मशीनला द्यायचा? कॅम नवीन घेतलेल्या शॉपमध्ये हा प्रश्न लगेच उभा राहतो. माझं मत आधीच सांगतो. सरळ किंवा पायऱ्यांच्या बोअरला जी71, तोही कॅममधूनच काढलेला. कोअर (भोकाच्या जागी साच्यात ठेवलेला वाळूचा ठोकळा) टाकून ओतलेल्या कास्टिंगला आणि आत गेल्यावर रुंदावणाऱ्या बोअरला लांब टूलपाथ. पण बार (आतून कापणाऱ्या टूलचा दांडा) आणि ड्रिल त्याआधी ठरवा. तिथे चुकलात तर यातलं काहीच तुम्हाला वाचवणार नाही.

एक जॉब घेऊ. ईएन8 स्टीलचं हाउसिंग, लांबी 60 मिमी. तोंडाशी 6205 बेअरिंगची सीट, म्हणजे 52 व्यास आणि 16 खोली. पुढे 36 आरपार. हाताशी 25चं यू-ड्रिल (इन्सर्ट बसवलेलं ड्रिल) आणि सीसीएमटी09 इन्सर्टचा, म्हणजे बदलता येणाऱ्या कापणाऱ्या टिकलीचा, 20चा बार आहे. कॅटलॉगमध्ये या बारला किमान बोअर साधारण 25 दिलेला असतो. म्हणजे बार आत जातो, पण चिप बाहेर यायला वाट उरत नाही. मग हात 16च्या बारकडे वळतो. होल्डरबाहेर 65 मिमी काढला की तो व्यासाच्या चौपट बाहेर येतो, आणि स्टीलच्या बारची हद्द तिथेच संपते. शिवाय व्यास घटला की वाकणं त्याच्या चौथ्या घाताने वाढतं, त्यामुळे तेवढ्याच लांबीला 16चा बार 20च्या जवळपास अडीचपट वाकतो. अशा वेळी मी बार 20चाच ठेवतो आणि ड्रिल 28चं लावतो.

आता आतली जागा मोजू. या बारचं टोक मध्यापासून 13 मिमीवर आणि पाठ दुसऱ्या बाजूला 10वर, एकूण 23. भोकाची त्रिज्या 14. टोक एक्स18 वर (एक्स व्यासात मोजतात) आणलं की पाठ समोरच्या भिंतीला टेकते. बाहेरच्या टर्निंगमध्ये टूल मागे घ्यायला मोकळं रान असतं, बोअरमध्ये मागेही भिंतच असते. कॅममध्ये रिट्रॅक्टचा (टूल मागे घेण्याचा) व्यास शून्य राहिला आणि होल्डर, म्हणजे हा बार, रेखाटलेला नसला, तर सिम्युलेशन बिनतक्रार पार पडतं आणि धडक मशीनवर होते. एका बारच्या पाठीवर अशी चकचकीत घासलेली रेघ मी पाहिली आहे. तेव्हापासून होल्डर मोजून रेखाटल्याशिवाय बोरिंगचा टूलपाथ मी पोस्ट करत नाही, म्हणजे मशीनच्या कोडमध्ये उतरवत नाही. ड्रिलचं भोक स्टॉकमध्ये (कापण्याआधीच्या मालाच्या आकारात) दाखवायलाही विसरू नका, नाहीतर सॉफ्टवेअर भरीव धातू समजून अक्षापासून कट लावायला घेतं.

जी71ची खरी ताकद रात्रपाळीत कळते. बार किंचाळायला लागला की ऑपरेटर सायकलच्या पहिल्या ओळीतला यू (एका कटची त्रिज्येवरची खोली) 1.2 वरून 1 करतो आणि काम पुढे चालू राहतं. लांब प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कटचा एक्स वेगळा लिहिलेला असतो. तो मशीनवर बदलणं म्हणजे पन्नासेक ओळींना हात लावणं, म्हणजे सकाळी प्रोग्रॅमर येईपर्यंत मशीन उभं.

पण याच सोयीत एक खाच आहे. सुरुवात एक्स28 वर आणि फिनिशिंगला व्यासावर 0.4 ठेवलं, तर 52च्या सीटपर्यंत त्रिज्येवर 11.8 मिमी काढायचं असतं. यू1.2 ला नऊ कट होऊन 1 मिमी उरतो, तो ठीक. कुणी तो 1.3 केला की नऊ कटनंतर 0.1 उरतो, आणि 0.4 नोज रेडियसचा (टोकाच्या गोलाईचा) इन्सर्ट एवढ्या पातळ थराला कापण्याऐवजी घासतो. कॅममध्ये सगळे कट समान वाटून घेता येतात, जी71 मात्र उरलेलं शेवटावर ढकलतो.

दुसऱ्या ओळीतल्या यूचं (फिनिशिंगला ठेवलेल्या मालाचं) चिन्हही पाहा. बोअरला ते यू-0.4 हवं. उणे राहून गेलं तर रफिंगमध्येच बोअर मोठा होतो आणि जॉब भंगारात जातो. बऱ्याच जुन्या कंट्रोलवर रफिंगच्या सायकलमध्ये नोज रेडियसची भरपाई लागत नाही, ती जी70च्या फिनिशिंगमध्ये लागते. त्यामुळे टेपर असलेल्या बोअरला फिनिशिंगचा माल फार कमी ठेवू नका.

कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कोअरच्या जॉबवर मात्र जी71 हरतो. कोअरचं भोक उतरतं असतं, कधी एका बाजूला सरकलेलंही असतं. सायकलला हे दिसत नाही. ती ठरलेल्या व्यासापासून सुरू होते आणि अर्धे कट हवेत मारते. कॅमला कास्टिंगचा आकार स्टॉक म्हणून दिला की हवेतले कट गळतात. मात्र ड्रॉइंगमधला आकार तसाच देऊ नका. आलेल्या लॉटमधली पाच-सहा कास्टिंग मोजा आणि सर्वांत लहान भोक स्टॉक म्हणून धरा. पहिला कट वरच्या कडक थराच्या खाली जाईल इतका खोल ठेवा, नाहीतर इन्सर्टची धार पहिल्या दोन-चार जॉबवरच बसते.

आत रुंदावणारा बोअर, म्हणजे अंडरकट, जी71च्या साध्या प्रकारात बसत नाही. त्याला एक्स एकाच दिशेने बदलत जाणारा आकार लागतो. दुसऱ्या प्रकारात खळगे चालतात, पण तो आपल्या कंट्रोलवर आहे का हे आधी मॅन्युअलमध्ये पाहा. मी इथे लांब टूलपाथच घेतो.

फ्यूजन आणि मास्टरकॅम या दोन्ही कॅममध्ये रफिंग तयार सायकलच्या रूपात काढता येतं, पोस्टचा (मशीनचा कोड लिहिणाऱ्या भागाचा) मात्र त्याला आधार हवा. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून असाच एक पायऱ्यांचा बोअर पोस्ट करून मागा आणि तीन गोष्टी स्वतः वाचा: यूचं चिन्ह, सुरुवातीचा एक्स, आणि सायकल संपल्यावर टूल आधी झेडमध्ये बाहेर येतं की एक्समध्ये हलतं.