गोडमिट्ट बँडचा नाद: ७८ की एलपी?

गाय लोम्बार्डो, शेप फील्ड्स, सॅमी के या तीसच्या दशकातल्या अमेरिकन नाचगाण्यांच्या बँडवाल्यांची नावं वाचून ज्यांना मनातल्या मनात हसू फुटतं, त्यांच्यासाठीच हे: त्यांची गाणी जुन्या ७८वर (मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दर बाजूला एकच गाणं असलेली तबकडी) ऐकावीत, की नंतर आलेल्या, सावकाश फिरणाऱ्या एलपीवर? जॅझवाले या मंडळींना 'मिकी माउस बँड' म्हणून हिणवायचे. खोटं कशाला बोला, पाकातल्या चिरोट्यावर आणखी पिठीसाखर भुरभुरावी असंच हे संगीत आहे. (जॅझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग, त्याला मात्र लोम्बार्डो मनापासून आवडायचा. कोणी फारच चिडवलं की मी हे नाव पुढे करतो.)

पैशाचं सोडा. इथे न्यू जर्सीत जुन्या घरांतलं सामान विकायला काढतात, तिथे दोन्ही प्रकार डॉलर-दोन डॉलरला मिळतात. दर्दी लोक जॅझची खोकी उपसून निघून जातात, आपली खोकी तशीच पडलेली असतात.

एलपीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. एका बाजूला पाच-सहा गाणी, खरखर कमी, उचलायला हलक्या. ७८ची तबकडी दर तीन मिनिटांनी उठायला लावते, सुई वेगळी आणि जाड लागते, आणि हातातून सुटली की खेळ खलास. टपालाने मागवलेल्या लोम्बार्डोच्या पाचपैकी दोन माझ्याकडे तुकड्यांतच पोचल्या. गुडघे कुरकुरत असतील तर खुशाल एलपी घ्या.

माझं घोडं अडलं ते खोट्या स्टीरिओपाशी. साठच्या दशकात स्टीरिओची लाट आली, तशी तीसच्या दशकातली मोनो, म्हणजे एकाच प्रवाहात मुद्रित झालेली गाणी फाडून दोन्हीकडे वाटली गेली: वरचे सूर एका स्पीकरला, खर्ज दुसऱ्याला, वर थोडा घुमारा. शेप फील्ड्स वाडग्यातल्या पाण्यात नळीने फुंकून बुडबुडे काढायचा, तीच त्याची खूण. माझ्याकडच्या एलपीवर हे बुडबुडे उजवीकडे आणि बँड डावीकडे, न्हाणीघरात बसवल्यासारखा. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, गुळण्या कोण करतंय?" मोनोचं बटण दाबून पाहिलं, तरी घुमारा काही जाईना.

तेच गाणं मग ब्लूबर्ड कंपनीच्या ७८च्या तबकडीवर लावलं. बुडबुडे, अकॉर्डियन, गाणारा, सगळे एकाच खोलीत. खरखर आहेच, पण ती गाण्यात शिरत नाही. अर्ध्या मिनिटात मी तिला विसरतो. निदान माझे कान तरी विसरतात.

या ७८च्या तबकड्या लाखेच्या, आणि ती लाख मुख्यतः आपल्याकडून जायची, पळस-कुसुमावरची. दुसऱ्या महायुद्धात तिचा तुटवडा पडला, १९४२मध्ये अमेरिकेत तिच्या वापरावर बंधनं आली आणि जुन्या तबकड्या दळून नव्यांत घातल्या जाऊ लागल्या. त्या काळातल्या मला तरी जास्त चरचरताना ऐकू येतात. त्यातच ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणच बंद पाडलं. तेव्हा जमलं तर त्याआधीच्याच घ्या, आणि घेताना तबकडी उजेडात तिरकी धरून पाहा. काळी चकाकी उडून करडी पडली असेल तर ती खोक्यात परत ठेवा.

एलपी मी सगळ्याच काढून टाकल्या नाहीत. कव्हरवर कुठेही स्टीरिओ हा शब्द नसलेल्या तीन ठेवल्यात. पाहुणे आले की त्या लावतो. गप्पा चालू असताना दर तीन मिनिटांनी उठणं बरं दिसत नाही.