हिरड्यांचं डीप क्लीनिंग करून आठ महिने झाले

"दात साफ केले की हलायला लागतात." या एका वाक्यावर विसंबून मी दोन वर्षं काढली. खरं तर खालचे पुढचे दात तेव्हाच हलत होते आणि ब्रश करताना रक्त तर रोजचंच होतं. पण दुखत काहीच नव्हतं, तिथेच फसले. किडलेली दाढ माणसाला रात्रभर जागवते. हिरड्यांचा आजार हूं की चूं न करता आतलं हाड खात बसतो.

तपासणीला डॉक्टरांनी मिलिमीटरच्या खुणांची बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीच्या आत सरकवली. ते आकडे सांगत होते, सहायक लिहून घेत होती. निरोगी हिरडीत ३ पर्यंत येतात. मागच्या दाढांपाशी ६, ७ ऐकू यायला लागले, एका ठिकाणी ८, आणि माझ्या पोटात गोळा आला. एक्स-रेत हाड किती खाली गेलंय तेही दिसलं. निदान झालं, पेरिओडोंटायटिस, म्हणजे हाडापर्यंत पोचलेला हिरड्यांचा आजार, चारपैकी तिसरा टप्पा. त्या आकड्यांच्या कागदाची प्रत मागून घेतली, ते फार बरं केलं. पुढच्या काही आठवड्यांत आरशापेक्षा त्या कागदावरच विश्वास ठेवावा लागला.

नेहमीच्या स्केलिंगमध्ये मुख्यतः वर दिसणारं कीटण निघतं. डीप क्लीनिंगमध्ये हिरडीखाली जाऊन मुळावरचं काढतात. भूल देऊन दोन बैठकांत झालं, आधी उजवी बाजू, मग डावी, म्हणजे चावायला एक बाजू मोकळी राहते. दुखलं नाही. पण पाण्याचा फवारा मारणारं यंत्र थांबून हातातली हत्यारं सुरू झाली की मुळावर खरवडल्याचा आवाज थेट कवटीत घुमतो, त्याची तयारी ठेवा. निघालेले तुकडे काळपट आणि दगडासारखे टणक होते.

दोन-तीन दिवस हिरड्या हुळहुळत होत्या. खरी परीक्षा त्यानंतर. सूज उतरली, हिरड्या आक्रसल्या आणि पुढच्या दातांमध्ये काळ्या फटी दिसायला लागल्या. गार पाण्याने सणक जायची, ती साधारण पाच आठवडे टिकली. आपले चांगले दात बिघडवून घेतले असं वाटून मी चिडले होते. नंतर लक्षात आलं, फटी आधीपासूनच होत्या. हाड गेलेली जागा सुजलेल्या हिरडीने आणि कीटणाने भरून ठेवली होती, इतकंच. "साफ केले की हलतात" हा समजही यातूनच आला असावा. माझे पुढचे दात पहिला आठवडा जास्त सैल वाटले, मग हळूहळू पूर्वीपेक्षा घट्ट झाले. हाड मात्र परत आलं नाही, आणि येईल असं डॉक्टरांनी कधी म्हटलंही नव्हतं.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दोनच आठवडे वापरायचं होतं. चव बधिर झाली, दातांवर तपकिरी डाग आले, जे नंतर पॉलिशने गेले. पेस्टनंतर लगेच या माउथवॉशने चूळ भरली तर त्याचा असर कमी होतो, म्हणून मध्ये अर्धा तास सोडायचे.

घरी सगळ्यात कामाला आला तो इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांमधल्या फटीत घालायचा बारीक ब्रश. मुळाला खोलगट बाक असतो, फ्लॉस (दातांमध्ये फिरवायचा दोरा) त्यावरून नुसता घसरतो, हा ब्रश आत पोचतो. मला तीन मापं लागतात. मापं क्लिनिकमध्येच ठरवून घ्या. मी अंदाजाने आणलेला पहिला ब्रश फटीत वाकून मोडला.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं. ६ चे ४, ७ चे ५, बहुतेक ठिकाणी रक्त बंद. ८ वाली जागा ६ वर आली आणि तिथेच अडली. वरची दाढ, तीन मुळांची. मुळं जिथे फुटतात त्या बेचक्यात हाड गेलंय आणि बंद हिरडीतून तिथे हत्यार नीट पोचत नाही. लेझरचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले की हाताने नीट केलेल्या सफाईवर त्याने फारसा फरक पडत नाही.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी जायचं ठरलं होतं. एकदा मी दीड महिना उशीर केला आणि चार जागी पुन्हा रक्त दिसलं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हाही याच उपचाराचा भाग धरा. आमच्या घरातले एक सिगारेटवाले "मला कुठे रक्त येतं?" म्हणत निर्धास्त आहेत. धूम्रपानाने रक्त कमी दिसतं, आजार कमी होत नाही, हे त्यांना दोनदा सांगून झालंय.

गेल्या आठवड्यात पुन्हा मोजणी झाली. बाकी सगळं ठीक, ती दाढ अजून ६ वर. आता हिरडी उघडून आत बघत साफ करायची, म्हणजे फ्लॅप सर्जरी. पुढच्या महिन्याची तारीख घेतली आहे.