सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर: अख्खा पावसाळा काढल्यानंतर

मे महिन्यात सात किलोचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन घेतलं, आता दिवाळी होऊन गेली. त्याचा जो काही कस लागायचा तो रत्नागिरीच्या पावसात लागला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली दोन टबांची मशीनं आतून साधारण एकाच बांध्याची असतात: डावीकडे धुवायचा मोठा टब, उजवीकडे ड्रायरचा अरुंद टब. धुण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चादरी, टॉवेल, मुलांचे गणवेश नीट निघतात. शर्टाची कॉलर आणि मोज्यांचे तळवे आधी ब्रशने घासावेच लागतात. माझे पैसे वसूल केले ते ड्रायरने.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. हवेतच पाणी ठासून भरलेलं असलं की दोरीवरचं कापड आपलं पाणी देणार कुणाला? जीन्स तीन-तीन दिवस पडवीत लोंबायची आणि शेवटी कुबट वास घेऊनच घडीत जायची. त्या वासाचा माग जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये काढला, तेव्हा मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू सापडला. कपडा जितका जास्त वेळ ओला, तितकं त्याचं फावतं. म्हणजे सुगंधी लिक्विड ओतण्यापेक्षा कपड्यातलं पाणी आधीच कमी करणं शहाणपणाचं.

किती कमी होतं, ते घरच्या ताणकाट्यावर बघितलं. साधारण अर्ध्या किलोचा कोरडा टॉवेल मनगट दुखेपर्यंत पिळला तरी किलोच्या वरच भरत होता. पाच मिनिटं ड्रायरमध्ये फिरवल्यावर आठशे ग्रॅमच्या आसपास आला. कोरडा नाहीच, ओलसर; पण पंख्याखाली रात्रभर टाकला की सकाळी वापरता येतो. ऐन जुलैत.

पुण्याला नणंदेकडे दुप्पट किमतीचं टॉप-लोड फुल्ली ऑटोमॅटिक आहे. त्यातले कपडे माझ्यापेक्षा ओले निघतात हे तिला पटेना, म्हणून हिशोबच मांडला. माझ्या ड्रायरवर मिनिटाला १३५० फेरे लिहिलेत आणि टबाचा व्यास फितीने २४ सेंटिमीटर भरला. वर्तुळाकार गतीचं सूत्र लावलं तर कपड्यातल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २४० पट जोर येतो. तिचं मशीन ७०० फेऱ्यांचं. ड्रम माझ्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे, तरी जोर येतो १२५ पटीच्या आसपास, कारण तो व्यासाच्या साध्या प्रमाणात वाढतो, पण फेऱ्यांच्या वर्गाने. १२०० फेऱ्यांचं फ्रंट-लोड मात्र आम्हा दोघींनाही मागे टाकतं. ते ४०० पटीपर्यंत जातं. त्याची किंमत बघून मी तो विषय तिथेच सोडला.

गरम हवेचं वेगळं ड्रायर मशीन घ्या, असाही सल्ला मिळाला होता. लिटरभर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या जरा खाली वीज लागतेच, कुठलंही साधं हीटर लावा. माझ्या ड्रायरची मोटर दीडशे वॅटची. पाच मिनिटांत एका युनिटचा ऐंशीवा भाग खाते आणि तेवढ्यात दोन-तीन लिटर पाणी सहज फेकते. जे पाणी भिरकावून जातं ते तापवून का घालवायचं?

दुकानात न सांगितलेला खरा फायदा खळबळण्यात आहे. सगळे जण साबणातून कपडे काढतात, निथळत निथळत स्वच्छ पाण्यात टाकतात आणि ड्रायर अगदी शेवटी लावतात. मी साबणातून काढल्यावर लगेच एकदा दोन मिनिटं ड्रायर लावते. तीन किलो कपडे निथळते असताना सहा लिटर साबणाचं पाणी धरून असतात असं समजा. ते वीस लिटर स्वच्छ पाण्यात टाकले की साबण चौथ्या हिश्श्यावर येतो. आधी फिरवून घेतले, आत दोनच लिटर राहिलं, तर त्याच वीस लिटरमध्ये तो अकराव्या हिश्श्यावर येतो. आमचं पाणी बोअरचं, जड. कितीही खळबळा, काळ्या कपड्यांवर पांढरट पट्टे राहायचे. ते जवळपास गेले, आणि एक पाणी वाचलं ते वेगळंच.

पिळायच्या यंत्राचा खटाटोप जुना आहे. कॅनडातल्या सेंट जॉनच्या जॉन टर्नबुलने १८४३ मध्ये पिळायचे रूळ लावलेल्या धुलाई यंत्राचं पेटंट घेतलं. वॉशिंग्टनमध्ये घरकाम करणाऱ्या एलन एग्लिन या कृष्णवर्णीय बाईने १८८८ मध्ये आपल्या पिळणयंत्राचे हक्क फक्त १८ डॉलरला विकले. काळ्या बाईने केलेलं यंत्र गोऱ्या बायका घेणार नाहीत, हे तिने ओळखलं होतं. त्या रुळांत बटणं फुटायची, बोटंही सापडायची. ड्रायरमध्ये कापड दोन्ही बाजूंनी चेपलं जात नाही, म्हणून शर्टाची बटणं शाबूत राहतात. चुण्या मात्र पडतात. सुती साडी दोन मिनिटांपेक्षा जास्त फिरवली की इस्त्री करताना रडवते.

आता त्रास. कपडे नीट बसवले नाहीत तर टब धडाधड आपटतो आणि मशीन मोरीभर चालत सुटतं. जड कपडे तळाशी गोल पसरायचे, वर हलके, त्यावर प्लॅस्टिकची जाळी दाबून बसवायची. ती जाळी गाळायची नाही. रेनकोट किंवा मेणकापड आत घालूच नये. पाणी त्यातून जात नाही, एका बाजूला साठतं आणि वेगात टब उसळतो. ऑगस्टमध्ये ड्रायरखालचं रबरी सील गळायला लागलं. वॉरंटीत बदललं, पण माणूस यायला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात पाऊस एक दिवस थांबला नाही. कोकणातल्या लोकांनी खालची जाळी पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. मशीनचा तळ उघडा असतो आणि उंदरांना वायरी फार आवडतात. झाकण उघडल्यावर ब्रेक लागतो, तरी टब पुरता थांबेपर्यंत हात आत घालू नये. मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

नळाला जोर नसेल, पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर हे मशीन बरं. बादलीने भरलं तरी चालतं. पण कपडे या टबातून त्या टबात हलवायला कुणीतरी उभं राहावंच लागतं. बटण दाबून ऑफिसला जायचं असेल, किंवा कंबरेचं दुखणं असेल, तर घेऊ नका. गोधडी ड्रायरमध्ये जात नाही, सोलापुरी चादर एका वेळी एकच. दुकानात विक्रेता धुण्याचेच किलो सांगत राहील. त्याला ड्रायरचे फेरे विचारा, झाकण उघडून टब किती रुंद आहे ते बघा आणि सुटं सील आपल्या गावात मिळतं का, तेही विचारून घ्या.